उकिरड्यापासून समुद्रतळापर्यंत: उष्णताप्रेमी जिवाणू जनुकीय प्रोबने कसे ओळखायचे

१९७७ च्या फेब्रुवारीत 'अल्विन' पाणबुडीतले शास्त्रज्ञ गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच हजार मीटर खोल उतरले. तिथे समुद्रतळाच्या भेगांतून कोमट पाणी वर येत होतं आणि त्याभोवती शिंपल्यांची, नळीसारख्या लांब कृमींची दाट वस्ती होती. दोन वर्षांनी पूर्व पॅसिफिक उंचवट्यावर काळा धूर ओकणारी धुराडी सापडली. त्यांतून निघणारं पाणी ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास होतं. वर अडीचशे वातावरणांचा दाब असल्यामुळे ते उकळत नाही. सूर्यप्रकाशाचा तिथे मागमूस नाही. सगळी वस्ती जगते ती हायड्रोजन सल्फाइडसारख्या रसायनांतून ऊर्जा काढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या बळावर.

हे सूक्ष्मजीव नेमके कोण, हे शोधायचं कसं? त्यातले बहुतेक आपल्या पेट्रीडिशमध्ये वाढतच नाहीत. म्हणून त्यांना वाढवायच्या भानगडीत न पडता, पेशीच्या आत असलेली ओळख वाचायची पद्धत निघाली. ती पद्धत म्हणजे जनुकीय प्रोब. हा लेख त्या पद्धतीचा आहे. विदर्भातल्या तालुक्याच्या गावी सूक्ष्मजीवशास्त्र शिकणारे बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचे आणि एमएस्सीचे विद्यार्थी, आणि त्यांना शिकवणारे आम्ही, यांच्यासाठी तो लिहिला आहे. समुद्रतळाचा नमुना आपल्या हाती येणार नाही. पण प्रोब कसा रचायचा, कसा तपासायचा आणि त्याच्या उत्तरावर किती विश्वास ठेवायचा, हे सगळं गोठ्यामागच्या उकिरड्यावर शिकता येतं. तिथेही साठ अंशांत मजेत जगणारे जिवाणू आहेत.

आधी प्रोब म्हणजे काय ते नीट समजून घ्या

प्रत्येक जिवंत पेशीत प्रथिनं बनवणारे रायबोसोम असतात आणि जिवाणू व आर्किया यांच्या रायबोसोमच्या लहान भागात १६ एस आरआरएनए नावाचा सुमारे पंधराशे अक्षरांचा रेणू असतो. त्याचे काही तुकडे सगळ्या जिवाणूंत जवळपास सारखे, तर काही तुकडे गटागटाला वेगळे. कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये याच रेणूच्या तुलनेवरून आर्किया हा जिवाणूंपासून वेगळा गट दाखवून दिला. प्रोब हा त्या रेणूच्या एखाद्या तुकड्याला जुळणारा, १८ ते २० अक्षरांचा डीएनएचा धागा. त्याच्या टोकाला चमकणारा रंग किंवा रसायनाने ओळखता येणारी खूण लावलेली असते. जुळणारा तुकडा मिळाला की प्रोब तिथे चिकटतो, नाही मिळाला तर धुण्यात वाहून जातो. वाढत्या पेशीत रायबोसोम हजारोंनी असतात, म्हणून एकाच पेशीत हजारो प्रोब चिकटतात आणि ती एकटी पेशीसुद्धा सूक्ष्मदर्शकाखाली उजळलेली दिसते. १९८९ मध्ये डिलाँग, विकहॅम आणि पेस यांनी हे एकेका पेशीत करून दाखवलं. या पद्धतीला फिश म्हणतात.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण अर्ध्याहून अधिक प्रकल्प-अहवाल इथेच घसरतात. प्रोब उष्णता ओळखत नाही. तो वंश ओळखतो. 'थर्मस' या प्रजातीचा प्रोब चिकटला, तर ती पेशी थर्मसच्या कुळातली आहे एवढंच कळतं. ते कूळ उष्णताप्रेमी आहे हे आपल्याला आधीच्या संवर्धनातून माहीत असतं, म्हणून आपण पुढचा निष्कर्ष काढतो. थर्मस ॲक्वाटिकस थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून वेगळा केला आणि १९६९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याला ७० अंशांच्या आसपास वाढायला आवडतं, आणि आपल्या पीसीआरमधलं, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवायच्या पद्धतीतलं, टॅक पॉलिमरेज हे एन्झाइम त्याचंच.

दुसरी गोष्ट. समुद्रतळावर सर्वांत जास्त तापमान सोसणारे जीव जिवाणू नाहीत, आर्किया आहेत. मिथॅनोपायरस कँडलेरीचा एक प्रकार १२२ अंशांपर्यंत वाढतो, असं २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवलं, आणि तो आपल्याच हिंदी महासागरातल्या कैरेई झऱ्याच्या परिसरातून मिळाला होता. जिवाणूंकडून ॲक्विफेक्स आणि थर्मोटोगा यांची कुळं, तसंच सल्फर व हायड्रोजनवर जगणारे कॅम्पिलोबॅक्टेरोटा हे तिथले मानकरी. म्हणून नुसता जिवाणूंचा प्रोब घेऊन धुराड्याचा नमुना तपासला, तर सर्वांत तापट भागातली वस्ती दिसायचीच राहील. आर्कियाचा प्रोब सोबत हवाच.

पहिली पायरी: कागदावरचं काम

याला पैसे लागत नाहीत. लॅपटॉप आणि बरं नेटवर्क लागतं, आणि वेळ भरपूर लागतो. माझ्या मते प्रकल्पाचा निम्मा वेळ इथेच द्यावा.

सुरुवात जुन्या, सिद्ध झालेल्या प्रोबपासून करा. ईयूबी ३३८ हा बहुतेक जिवाणूंना चालणारा प्रोब घ्या. त्याची अक्षरं पाच-प्राइम टोकाकडून अशी:

जीसीटी जीसीसी टीसीसी सीजीटी एजीजी एजीटी

वहीत लिहा आणि हाताने मोजा. एकूण १८ अक्षरं. जी आणि सी मिळून १२, ए आणि टी मिळून ६. लहान धाग्यांसाठीचा साधा ठोकताळा असा: प्रत्येक जी किंवा सीला ४ अंश, प्रत्येक ए किंवा टीला २ अंश. म्हणजे ४८ अधिक १२, एकूण ६० अंश. भरपूर मीठ असलेल्या द्रावणात हा प्रोब साधारण ६० अंशांच्या आसपास सुटायला लागेल. आता त्याचा पूरक धागा उलट्या दिशेने लिहा:

एसीटी सीसीटी एसीजी जीजीए जीजीसी एजीसी

टीच्या जागी यू घातला की हाच १६ एस आरआरएनएवरचा ३३८ व्या अक्षराजवळचा तुकडा. हाच क्रम डीएनएच्या रूपात रंग लावून प्रोब म्हणून वापरला, तर तो आरआरएनएला चिकटू शकत नाही, कारण तो स्वतःच आरआरएनएसारखा आहे. त्याला नॉन ३३८ म्हणतात आणि फिशमध्ये तो नकारात्मक तपासणीसाठी वापरतात. हे हाताने एकदा केलं की प्रोबची दिशा आयुष्यात चुकत नाही. दिशा चुकवून मागवलेला प्रोब म्हणजे वाया गेलेले पैसे आणि पुन्हा पार्सलची वाट.

आता स्वतःचा प्रोब. समजा, थर्मससाठी हवा आहे. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या जनुक-क्रमांच्या खुल्या साठ्यातून थर्मसच्या वेगवेगळ्या जातींचे १६ एस क्रम उतरवून घ्या. सोबत त्याचे जवळचे नातेवाईक, म्हणजे मिओथर्मस आणि डिनोकोकस, आणि दूरचे दोन-चार, जसं ई. कोलाय, बॅसिलस. सगळे एकाखाली एक जुळवून ठेवा. मेगा हे फुकट सॉफ्टवेअर त्यासाठी पुरे. मग डोळ्यांनी असा तुकडा शोधा जो सगळ्या थर्मसमध्ये तंतोतंत सारखा आहे आणि नातेवाइकांत निदान एक-दोन अक्षरांनी वेगळा. हा फरक तुकड्याच्या मधोमध असेल तर उत्तम. टोकाला असलेलं एखादं न जुळणारं अक्षर प्रोबला फारसं हलवत नाही. मधलं अक्षर चुकलं की जोडी डळमळते.

निवडलेला तुकडा सिल्वा या जर्मनीतल्या आरआरएनए साठ्याच्या 'टेस्टप्रोब' साधनात टाकून बघा. आधी शून्य चुका मान्य करून, मग एक चूक मान्य करून. पहिल्या वेळी कळतं की आपल्या गटातले किती टक्के क्रम सापडतात. दुसऱ्या वेळी कळतं की शेजारचे कोण कोण आत शिरतात. व्हिएन्ना विद्यापीठाच्या 'प्रोबबेस' मध्ये आधीच छापून आलेले प्रोब आहेत; आपल्या गटाचा प्रोब तिथे असेल तर नवा रचायचा हट्ट धरू नका.

उष्णताप्रेमी जीवांच्या बाबतीत एक खास अडचण आहे. त्यांच्या १६ एस आरआरएनएमध्ये जी आणि सीचं प्रमाण जास्त असतं, कारण तापलेल्या पेशीत रेणूच्या घड्या घट्ट राहायला हव्यात. त्याच घट्ट घड्या आपल्या प्रोबला आत शिरू देत नाहीत. ई. कोलायच्या रेणूवर कुठला भाग उघडा आणि कुठला झाकलेला, याचा नकाशा १९९८ मध्ये फुक्स आणि सहकाऱ्यांनी दिला. तो समोर ठेवून शक्यतो उघड्या भागातला तुकडा निवडा. तसा मिळाला नाही, तर शेजारच्या तुकड्याला चिकटणारा, रंग नसलेला मदतनीस धागा सोबत मागवतात. तो घडी उघडून धरतो.

दुसरी पायरी: नमुना

समुद्रात हे काम पाणबुडी किंवा दूरनियंत्रित यंत्राचा हात करतो. धुराड्याचा तुकडा तोडून झाकणाच्या पेटीत ठेवतात, पाण्यासाठी टायटॅनियमच्या सिरिंजा वापरतात. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या एनसीपीओआर (ध्रुवीय व महासागर संशोधन) आणि एनआयओटी (महासागर तंत्रज्ञान) या संस्थांच्या शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरात सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरच्या सक्रिय झऱ्याची छायाचित्रं मिळवली, तेव्हा या विषयाला आपल्या देशातही वेग येणार हे नक्की झालं. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी 'मत्स्य ६०००' पाणबुडी एनआयओटी तयार करतेच आहे.

आपल्याकडे उकिरडा आहे. धुराड्याची भिंत काही सेंटिमीटरांत साडेतीनशे अंशांवरून दोन अंशांवर येते आणि प्रत्येक थरात वेगळी वस्ती राहते. उकिरड्यातही गाभा, मधला थर आणि वरची साल यांचं तापमान वेगळं आणि वस्तीही वेगळी. शेण, कुटार आणि पऱ्हाटीचा बारीक चुरा थराथराने रचून, ओल राखून, छातीइतका ढीग केला की काही दिवसांत गाभा ५५ ते ६५ अंशांवर जातो. हे काम कार्तिक ते माघ या महिन्यांत करावं. सकाळी ढीग उकरला की वाफ दिसते, त्यामुळे गरम पट्टा डोळ्यांनाच कळतो. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते पुढे येईल.

लांब दांडीचा थर्मामीटर गाभ्यात खुपसून पाच मिनिटं ठेवा, आकडा लिहा, तिथूनच नमुना घ्या. गाभ्यातले तीन, मधल्या थरातले तीन, सालीतले तीन. प्रत्येकाचं तापमान आणि खोली डबीवर पेन्सिलने लिहा. मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते. काठीने ढीग हलवल्याशिवाय हात घालू नका, विंचू आणि साप ऊब धरून बसतात. हातमोजे, पायात बूट, आणि वारा पाठीमागून येईल असं उभं राहा, कारण अमोनियाने डोळे झोंबतात.

झऱ्याचा नमुना हवा असेल तर मोर्शी तालुक्यातलं सालबर्डी आहे, सातपुड्याच्या पायथ्याशी. पण ते देवस्थान आहे. गावकऱ्यांना आणि पुजाऱ्यांना विचारल्याशिवाय कुंडात बाटली बुडवू नका, महाशिवरात्रीच्या यात्रेत तर मुळीच नको. लोणारचं सरोवर अतिशय अल्कधर्मी आहे, गरम नाही. तिथले जीव वेगळ्या अर्थाने टोकाचे. उष्णताप्रेमींच्या प्रकल्पात ते मिसळू नका.

नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणा. एक ग्रॅम नमुना नऊ मिलिलिटर निर्जंतुक पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारं द्रावण) काचेच्या मण्यांसह जोरात हलवा, जाड गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी घ्या. त्याचे दोन भाग करा, एक डीएनएसाठी, एक फिशसाठी. फिशच्या भागातला अर्धा ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ४ अंशांवर दोन ते तीन तास ठेवा, उरलेला अर्धा तेवढ्याच शुद्ध अल्कोहोलमध्ये मिसळा. दोन्ही का? ग्राम-निगेटिव्ह पेशींना पहिला उपाय मानवतो. ग्राम-पॉझिटिव्ह पेशींची भिंत पॅराफॉर्माल्डिहाइडने इतकी घट्ट होते की प्रोब आत जात नाही. उकिरड्यात जिओबॅसिलससारखे ग्राम-पॉझिटिव्ह भरपूर असतात. पॅराफॉर्माल्डिहाइडचा भाग पीबीएसने धुऊन पीबीएस आणि अल्कोहोलच्या समसमान मिश्रणात उणे २० अंशांवर ठेवला की महिनोन्महिने टिकतो.

अल्कोहोलचं आधी बघा. प्रयोगशाळेच्या शुद्ध अल्कोहोलला उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. वर्धा आणि गडचिरोली हे तर दारूबंदीचे जिल्हे. प्राचार्यांच्या सहीचा अर्ज सत्राच्या सुरुवातीलाच द्या.

तिसरी पायरी: तुलनेचे नमुने

हे काम प्रोब येण्याआधी करून ठेवा. ई. कोलाय प्रत्येक कॉलेजात आहे. तो जिवाणूंच्या प्रोबने उजळायला हवा आणि आर्कियाच्या प्रोबने काळाच राहायला हवा. उष्णताप्रेमी तुलनेसाठी फार दूर जायला नको. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) नीट चालतो का हे तपासायच्या जैविक पट्ट्यांवर जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसचे बीजाणू असतात. ऑटोक्लेव्हमध्ये न घातलेली पट्टी पोषक द्रावणात टाकून ५५ ते ६० अंशांवर ठेवली की दुसऱ्या दिवशी गढूळपणा येतो. बीजाणूत प्रोब शिरत नाही, म्हणून वाढीच्या भरातल्या पेशीच घ्या. थर्मससाठी पुण्याचं एनसीएमआर किंवा चंदीगडचं एमटीसीसी या सूक्ष्मजीव-संग्रहांकडे रीतसर मागणी करा आणि हातात पडायला वेळ लागेल हे गृहीत धरा.

चौथी पायरी: सूक्ष्मदर्शक नसेल तर ठिपक्यांची पद्धत

फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शक आपल्यापैकी फार थोड्या कॉलेजांत आहे. म्हणून मी प्रोबला डिगॉक्सिजेनिनची खूण लावून करायची ठिपका-पद्धत आधी शिकवायच्या मताची आहे. तिचं उत्तर नुसत्या डोळ्यांना दिसतं. डिगॉक्सिजेनिन हा डिजिटॅलिस वनस्पतीतला रेणू. जिवाणूंत तो नसतो, त्यामुळे त्याच्याविरुद्धचं प्रतिपिंड भलतीकडे फारसं चिकटत नाही.

नमुन्यातून डीएनए काढा. शेणखताचा डीएनए तपकिरी निघतो. तो ह्यूमिक आम्लाचा रंग आहे आणि तो पीसीआर बंद पाडतो. मातीसाठीचा किट वापरा, नाहीतर डीएनए दहापट, शंभरपट पातळ करून बघा. २७ एफ आणि १४९२ आर या प्रायमरांनी (प्रत कुठून कुठवर काढायची ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) १६ एस जनुकाची सुमारे पंधराशे अक्षरांची प्रत वाढवा. ती ९५ अंशांवर दहा मिनिटं तापवून थेट बर्फात ठेवा, म्हणजे दोन धागे सुटे होतील. नायलॉनच्या पटलावर पेन्सिलने चौकोन आखून प्रत्येकात एक मायक्रोलिटर ठिपका ठेवा, वाळू द्या, मग पाकिटावर सांगितल्याप्रमाणे ओव्हनमध्ये भाजून किंवा अतिनील प्रकाशात पक्का करा. तुलनेचे ठिपके त्याच पटलावर हवेत, वेगळ्या पटलावर नकोत.

पटल आधी अडवणूक द्रावणात (पटलाच्या मोकळ्या जागा झाकणारं) तासभर, मग प्रोब घातलेल्या द्रावणात रात्रभर. ईयूबी ३३८ साठी ५० अंश ठीक. दुसऱ्या दिवशी धुणं: आधी साध्या तापमानाला, मग ५५ अंशांपासून सुरू करून, वेगवेगळ्या पट्ट्यांवर दोन-दोन अंश वाढवत. कुठल्या अंशाला तुलनेचा चुकीचा ठिपका नाहीसा होतो आणि बरोबरचा टिकतो, ते तापमान तुमच्या प्रोबचं. पुस्तकातला आकडा फक्त सुरुवात करून देतो.

मग एन्झाइम जोडलेलं प्रतिपिंड अर्धा तास, धुणं, आणि ९.५ पीएचच्या द्रावणात एनबीटी-बीसीआयपी, म्हणजे त्या एन्झाइममुळे जांभळं होणारं रसायन. अंधारात, न हलवता. काही मिनिटांत फिकट जांभळी कड उमटते, हळूहळू ठिपका भरत जातो. हिवाळ्याचं दुसरं कारण हेच. सगळ्या प्रयोगपद्धतींत 'खोलीचं तापमान' म्हणजे २० ते २५ अंश. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीच ४० च्या पुढे असते. रंग धावतो, पार्श्वभूमी जांभळी होते आणि ठिपका वाचता येत नाही.

एक बारकावा. नॉन ३३८ हा ठिपका-पद्धतीत नकारात्मक तपासणी ठरत नाही. पटलावर डीएनएचे दोन्ही धागे आहेत, त्यामुळे तो आपल्या जोडीदाराला चिकटून रंग देणारच. इथे नकारात्मक तपासणी म्हणजे वेगळ्या गटाचा डीएनए आणि पाण्याचा ठिपका.

पाचवी पायरी: फिश

नागपूर किंवा अमरावतीच्या विद्यापीठ विभागात सूक्ष्मदर्शकाची वेळ आधी ठरवा, मगच स्लाइड करा. प्रोबला लावायचा रंग म्हणून लाल चमकणारा साय ३ घ्या. कुटाराचे कण स्वतःच हिरवे चमकतात. धुराड्याच्या नमुन्यात खनिजांचे कण त्रास देतात. लाल रंगात ही भेसळ त्या मानाने कमी.

पेशींचा थेंब स्लाइडवर ४६ अंशांवर वाळवा. ५०, ८० आणि ९६ टक्के अल्कोहोलमध्ये तीन-तीन मिनिटं बुडवा. संकरणाचं, म्हणजे प्रोब चिकटवण्याचं, दोन मिलिलिटर द्रावण २० टक्के फॉर्मामाइडसाठी असं: ५ मोलर मीठ ३६० मायक्रोलिटर, १ मोलर ट्रिस ४०, फॉर्मामाइड ४००, शुद्ध पाणी १,१९८, आणि शेवटी १० टक्के एसडीएस २. एसडीएस आधी घातलं तर मिठाबरोबर गोठतं. नऊ मायक्रोलिटर द्रावणात ५० नॅनोग्रॅमचा एक मायक्रोलिटर प्रोब मिसळून थेंबावर ठेवा. पन्नास मिलिलिटरच्या नळीत टिश्यूचा बोळा उरलेल्या द्रावणाने भिजवा, स्लाइड आडवी आत सरकवा, झाकण घट्ट. ४६ अंशांवर दोन तास. भारनियमनाचं वेळापत्रक बघून सुरू करा. वीज गेलीच, तर नळी ४६ अंशांच्या पाण्याने भरलेल्या रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये टाकली की तासभर निभावतं.

अनेक विद्यार्थी विचारतात की जीव ७० अंशांचा, मग प्रोब ४६ ला कसा चालेल? पेशी आता मेलेली आहे. तापमान ठरतं ते प्रोब आणि त्याच्या जोडीच्या घट्टपणावर. फॉर्मामाइड ती जोडी सैल करतं, दर टक्क्याला अर्ध्या अंशाहून थोडं अधिक. म्हणून तापमान तेच ठेवून फॉर्मामाइड ० पासून ६० टक्क्यांपर्यंत दहा-दहाने वाढवत स्लाइडची मालिका करा. आपली पेशी उजळ आणि नातेवाईक काळा, अशी जी सर्वांत कडक पायरी असेल ती पक्की करा.

धुण्याचं ५० मिलिलिटर द्रावण २० टक्क्यांसाठी: ५ मोलर मीठ २,१५० मायक्रोलिटर, १ मोलर ट्रिस १ मिलिलिटर, ०.५ मोलर ईडीटीए ५००, पाणी भरून शेवटी १० टक्के एसडीएस ५०. फॉर्मामाइडची पायरी बदलली की धुण्यातलं मीठ बदलतं. तक्ता छापून भिंतीवर लावा. ४८ अंशांवर पंधरा मिनिटं. मग बर्फाच्या पाण्यात क्षणभर, वारा लागू देऊन वाळवा, डॅपी या डीएनएला चिकटणाऱ्या निळ्या रंगाने रंगवा, झाकणकाच ठेवा. फॉर्मामाइड गर्भाला घातक आहे आणि पॅराफॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक. धुराच्या कपाटाबाहेर दोन्हीची बाटली उघडू नका, आणि धुण्याचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका.

डॅपीत सगळ्या पेशी निळ्या दिसतात. त्याच जागी लाल किती, ते मोजा. वीसेक क्षेत्रं आणि निदान हजारभर निळ्या पेशी मोजल्याशिवाय टक्केवारी लिहू नका. नॉन ३३८ च्या स्लाइडवर जे लाल दिसेल ते वजा करा. उकिरड्यातल्या अर्धमेल्या पेशींत रायबोसोम कमी असतात आणि त्या फिकट दिसतात. समुद्रतळाच्या नमुन्यातही हीच अडचण येते. तिथे प्रोबला एन्झाइम जोडून खूण अनेक पटींनी वाढवणारी कार्ड-फिश वापरतात.

निकाल कसा वाचायचा

चांगलं उदाहरण २००३ सालचं आहे. उत्तर पॅसिफिकमधल्या जुआन द फुका उंचवट्यावर मोथ्रा नावाच्या क्षेत्रातून 'फिन' नावाचं धुराडं वर काढलं होतं. श्रेंक आणि सहकाऱ्यांनी त्याच्या भिंतीचे थर वेगळे केले आणि प्रत्येक थरावर जिवाणूंचे आणि आर्कियाचे प्रोब लावले. बाहेरच्या, थंड पाण्याजवळच्या थरात दोन्ही गट मिसळून होते. आत, गरम बाजूला, आर्कियाचं राज्य होतं. ही मांडणी पेशी वाढवून कधीच दिसली नसती, कारण ज्या पेशी वाढतात त्यांचीच गोष्ट संवर्धन सांगतं. थराथराने काम केलं म्हणूनच ती दिसली. सगळं धुराडं एकत्र कुटून तपासलं असतं तर 'दोन्ही आहेत' एवढंच हाती लागलं असतं.

उकिरड्यातही हेच करा. गाभा, मधला थर आणि साल यांचे आकडे वेगळे ठेवा, सरासरी काढून एक करू नका. थर्मसचे लाल ठिपके गाभ्यात जास्त आणि सालीत जवळपास नाहीत असं दिसलं, तरच तापमानाशी नातं जोडता येईल. प्रोबला काहीच चिकटलं नाही, तर 'थर्मस नाही' असं लिहू नका. पेशीची भिंत घट्ट असेल, रायबोसोम कमी असतील, घडी बंद असेल, किंवा संख्या पकडीच्या खाली असेल. तुलनेची पेशी त्याच स्लाइडवर उजळली असेल, तर 'या पद्धतीच्या पकडीत थर्मस आढळला नाही' असं लिहा. तीही उजळली नसेल, तर तो प्रयोग झालाच नाही असं समजून पुन्हा करा.

अहवालात प्रोबचं नाव, त्याचा पूर्ण क्रम, फॉर्मामाइडचं प्रमाण, धुण्याचं तापमान, साठ्याची आवृत्ती आणि मोजलेल्या पेशींची संख्या हे सगळं लिहा. पटलाचा फोटो ते ओलं असतानाच काढा. वाळल्यावर एनबीटीचा रंग फिका पडतो. उरलेली पीसीआरची प्रत उणे २० अंशांवर जपून ठेवा, कारण ठिपका उमटला त्या नमुन्याचा क्रम वाचून घेतला की प्रोबने सांगितलेलं नाव खरं की नाही, हे स्वतंत्रपणे तपासता येतं.